चावी दगडावर ठेव

कंपास घेऊन या म्हटलं
तर सातही पोरांनी शाळेतली पत्र्याची डबी आणली,
आत कर्कटक, खोडरबर, चिंचेच्या गोळ्या.
म्हटलं, होकायंत्र रे.
तीनच होती. एकाची काच तडकलेली.
ते अबनेरला दिलं, तो हळू हाताचा.

एकतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली.
करवीर, पन्हाळा, शाहूवाडी,
जाईन तिथं दोन भाऊ उभे,
मधे ऊस, उसात हरवलेला हद्दीचा दगड.
माझा नकाशा हातात घेऊन कुणी कुठं गेलं नाही;
कोर्टात गेले, तेवढंच.
म्हणून पाळकसाहेब म्हणाले, युवक संघाला शिकवा,
तेव्हा दोन आठवडे मी हो म्हटलं नाही.

समोच्च रेषा डोक्यात शिरेनात.
मग गुळाची ढेप आणली,
बोटबोट अंतरानं दोरे गुंडाळले,
आता वरनं बघा, एक डोळा मिटून.
रेषा जवळ तिथं चढ अंगावर येतो,
रेषा लांब तिथं गुरं चरतात.
शद्रक म्हणाला, सर, हा डोंगर
पूर्वेकडनं मुंग्यांनी घेतला.
राहिलेला आम्ही खाल्ला.

सुईचं तांबडं टोक उत्तरेला.
पण नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर एक नव्हे,
फरक असतो, आपल्याकडं नखाएवढा.
"मग खरी कुठली?"
हे ओबेद. बाप चर्चची घंटा वाजवतो.
म्हटलं, जिच्यावर निघालास ती धर,
वाटेत बदलू नको.
पाळकसाहेबांनी खिडकीतनं ऐकलं
आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.
मला ते आवडलं नाही.

नोव्हेंबरात मसाई पठार.
पन्हाळ्यापर्यंत एसटी, पुढं पायी.
वर धुकं असं,
की आपले बूट तेवढे आपले.
ओबेदची टोळी पुढं, मी मुद्दाम मागं.
जायचं होतं पश्चिमेला. ते निघाले कड्याकडं,
अगदी सरळ, शिकवल्याप्रमाणं,
दर पन्नास पावलांना सुई बघत,
मनाचं काहीही न घालता.

हाक मारली. थांबले.
माझी सुई एक सांगते, त्याची दुसरंच.
घड्याळ काढ. काढलं. पट्टा?
पट्ट्याऐवजी सुतळी होती.
मग त्याला आठवलं, आणि कान लाल झाले.
स्वेटरच्या आत, छातीशी, दोरीत ओवलेली
चर्चची चावी.
वीतभर लोखंड, मिशनच्या काळातलं.
बापाला ताप, उद्याची घंटा याच्याकडं,
हरवू नये म्हणून गळ्यात.
योएल हसणार होता,
पण त्यानं चावीकडं बघितलं.

दगडावर ठेव म्हटलं.
"इथं? सर, बाबा मारतील."
ठेव, आणि वीस पावलं मागं ये. मोजत.
तो आला, मान मागंच वळलेली,
सोळाव्या पावलाला धुक्यानं चावी गिळली.
तळहातावर सुई थरथरली, फिरली,
मग बसली, म्हैस पाण्यात बसावी तशी.
"उत्तर सापडलं सर."
सापडली, म्हणायला हवं. दिशा आहे ती.
मी दुरुस्त केलं नाही.

चावी आणायला तो एकटा गेला, होकायंत्र पुढं धरून.
मागं कुठल्या अंशावर जायचं, हे मी सांगितलं नव्हतं,
त्यानं काढलं.
नंतर सांगत होता,
वाकलो तेव्हा शेवटच्या वितीला
सुई परत चावीकडं वळली,
आणि तेव्हा ते बरोबरच होतं, नाही का सर?
एकतीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.
डबा उघडून आम्ही चपाती खाल्ली.

रविवारी पाळकसाहेब दारातच म्हणाले,
तो चावीचा प्रसंग उपदेशात घेऊ का?
म्हटलं, माझा नाही. ज्याचा आहे त्याला विचारा.
तो वर होता, दोरीला लोंबकळत,
पाय जमिनीपासून हातभर सुटलेले,
आणि घंटा
पाच मिनिटं उशिरा.